वेस्टमिन्स्टरचा मधला मनोरा हवेसाठी बांधला : व्हिक्टोरियन इमारती आणि वायुवीजन

झरोका

लंडनच्या पार्लमेंटचा फोटो पाहिला की डोळा आधी घड्याळाच्या मनोऱ्यावर जातो, मग दुसऱ्या टोकाच्या चौकोनी व्हिक्टोरिया मनोऱ्यावर. दोघांच्या मध्ये एक अष्टकोनी, निमुळता मनोरा आहे. त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. सुमारे ३०० फूट उंचीचा हा मनोरा वास्तुविशारद चार्ल्स बॅरीच्या मूळ आराखड्यात नव्हताच. डेव्हिड बॉसवेल रीड नावाच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाने तो मागून घेतला. आतली वापरलेली हवा वर खेचून बाहेर सोडायला त्याला उंच धुराडं हवं होतं. बॅरीने त्या धुराड्याला गॉथिक वेष चढवला.

या इमारतींबद्दल मराठीत बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक कमानींबद्दल, दगडाबद्दल आणि शैलीबद्दल असतं. त्या काळात सार्वजनिक इमारत बांधताना सगळ्यांत कडाक्याची भांडणं हवेवरून झाली. खर्च, जागा, प्रतिष्ठा आणि माणसांची तब्येत हे सगळं त्या एका प्रश्नात अडकलेलं होतं. धागा त्यासाठी काढला आहे.

१६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री जुनं पार्लमेंट जळालं. हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत जाळताना ही आग लागली. आगीतून वाचलेल्या भिंतींवर छप्पर घालून तात्पुरती सभागृहं उभी केली. जुन्या कॉमन्स (कनिष्ठ) सभागृहातली घुसमट आधीपासूनच कुप्रसिद्ध होती, म्हणून नव्या इमारतीत हवेचं काय करायचं हे ठरवायला १८३५ मध्ये समिती बसली. तिच्यासमोर साक्ष द्यायला एडिंबरोहून रीड आला. तिथे त्याचा स्वतःचा रसायनशास्त्राचा वर्ग होता आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगांतला धूर बाहेर काढण्यासाठी त्याने खोलीतच हवेची व्यवस्था करून पाहिली होती.

समितीने त्याला तात्पुरतं कॉमन्स सभागृह प्रयोगासाठी दिलं. १८३६ मध्ये त्याने तिथे जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. सभागृहाच्या जमिनीला त्याने असंख्य बारीक भोकं पाडली आणि वर घोड्याच्या केसांचा विरळ विणीचा गालिचा अंथरला. बाहेरची हवा आधी तळघरात यायची. काजळी अडवायला तिथे कापडाचा मोठा पडदा टांगलेला होता. मग ती हवा पाण्याच्या फवाऱ्यातून जायची, हिवाळ्यात गरम पाण्याच्या नळांवरून जायची आणि उन्हाळ्यात गार केली जायची. गालिच्यातून ती इतकी हळू वर यायची की झोत म्हणून जाणवू नये. माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांनी तापलेली हवा छतातून वर आणि तिथून बाहेरच्या धुराड्याकडे जायची. धुराड्याच्या तळाशी सतत आग पेटलेली असे. तापलेली हवा वर चढते आणि मागची हवा ओढून घेते, एवढ्यावर सगळा कारभार होता. पंखा नाही की इंजिन नाही.

सभागृहात किती सभासद बसलेत त्यावर झडपा कमी-जास्त उघडल्या जायच्या. माणसं ठरावीक वेळाने तापमापक वाचून नोंदवहीत लिहायची. रात्री मतदानाला गर्दी झाली की झडपा उघडायच्या, सभासद जेवायला गेले की आवळायच्या. एका सभागृहाची हवा दिवसभर मोजून, नोंदून चालवायची ही कल्पना १८३६ मधली आहे.

या यशावर रीडला १८४० मध्ये नव्या पार्लमेंटच्या इमारतीचं (वेस्टमिन्स्टर राजवाड्याचं) काम मिळालं आणि तिथून बिनसलं. रीडला संपूर्ण इमारत हवेच्या दृष्टीने एक यंत्र म्हणून हवी होती : धूर आणि नदीचा वास टाळून वरची हवा टोकाच्या उंच मनोऱ्यांतून आत घ्यायची, तळघरातून सगळीकडे वाटायची आणि वापरलेली हवा मधल्या मनोऱ्यातून सोडायची. बॅरीचं म्हणणं असं की या माणसाला इमारतीचा एवढा मोठा भाग नुसत्या पोकळ्यांसाठी हवा आहे की मी खोल्या कुठे बांधू? त्यात रीडचे आराखडे वेळेवर येत नसत आणि आले की बदलत. शेवटी दोघे एकमेकांशी फक्त पत्रांतून बोलू लागले. १८४६ मध्ये लॉर्ड्स (वरिष्ठ) सभागृहाचं वायुवीजन बॅरीकडे गेलं, कॉमन्सचं रीडकडे राहिलं. एका इमारतीत दोन माणसांच्या दोन पद्धती. १८५२ मध्ये नवं कॉमन्स सभागृह रोजच्या वापरात आलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. त्याच वर्षी रीडला काढलं. पुढे तो अमेरिकेत गेला, यादवी युद्धाच्या काळात तिथल्या लष्करी इस्पितळांच्या तपासणीवर नेमला गेला आणि १८६३ मध्ये वॉशिंग्टनला वारला.

मधला मनोरा उभा राहिला. पण ज्या एकसंध योजनेसाठी तो मागितला होता ती कधीच पुरी झाली नाही.

माझ्या मते रीडवर अन्याय झाला. इमारतीने आतल्या माणसांसाठी काय करायला हवं हा प्रश्न आकड्यांत विचारणारा तो पहिल्या काही लोकांतला होता. तुम्हाला काय वाटतं?

---

चिंचेचं_बन

फार सुंदर लिहिलंय. एक भाबडी शंका आहे. खिडक्या का उघडत नव्हते? एवढा खटाटोप करण्यापेक्षा नदीकाठची इमारत, समोर थेम्स, खिडकी उघडली की झालं.

---

झरोका

@चिंचेचं_बन, शंका अगदी मुद्द्याची आहे. नदी हीच अडचण होती. तेव्हा शहराचं सांडपाणी थेट थेम्समध्ये जायचं. १८५८ च्या उन्हाळ्यात वास इतका वाढला की पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवलेले पडदे लावावे लागले. रीडनंतर हवेची जबाबदारी गोल्ड्सवर्दी गर्नीकडे आली होती. सभागृहाच्या आरोग्याची हमी आता मी देऊ शकत नाही, असं त्याने सभापतींना कळवलं. लंडनच्या गटारांचा कायदा त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत मंजूर झाला आणि गटारांचा अभियंता बॅझलजेट याला काम करायला पैसा मिळाला. वास सभासदांच्या नाकापर्यंत आला तेव्हा कामं हलली.

दुसरं कारण धूर. घरोघर कोळशाच्या शेगड्या होत्या. खिडकी उघडी ठेवली तर कागदांवर काजळी बसायची.

आणि तिसरं कारण गॅसचे दिवे. हे आपण साफ विसरलोय. गॅसची ज्योत खोलीतलीच हवा जाळते, वर उष्णता, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. दिव्यांनी भरलेलं सभागृह म्हणजे माणसांच्या दुप्पट-तिप्पट गर्दीचा भार. म्हणून नाट्यगृहांत छताच्या मध्यावर मोठं गॅसचं झुंबर लावून त्याच्या वर नळी बसवायची युक्ती निघाली. ज्योतींच्या उष्णतेनेच खोलीतली हवा त्या नळीतून वर खेचली जाई. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ मध्ये विजेचे दिवे आले आणि हे गणित बदलायला लागलं.

---

मर्सीकाठचा

लिव्हरपूलहून लिहितोय. रीडची खरी परीक्षा पाहायची असेल तर वेस्टमिन्स्टर सोडा आणि इथलं सेंट जॉर्जेस हॉल पाहा. १८५४ मध्ये उघडलं. वास्तुविशारद हार्वे लॉन्सडेल एल्म्स. स्पर्धा जिंकली तेव्हा पंचविशीतला पोरगा होता, क्षयाने गाठलं आणि १८४७ मध्ये जमैकात गेला. इमारत पुरी झालेली त्याला पाहायला मिळाली नाही. आतलं काम पुढे कॉकरेलने केलं.

या इमारतीची अडचण अशी की एकाच छपराखाली हजारोंचा मोठा दिवाणखाना, दोन न्यायालयं आणि एक छोटं संगीतगृह. मोठ्या हॉलमध्ये समारंभ चालू असताना न्यायालय रिकामं असेल, किंवा उलट. म्हणजे प्रत्येक भागाची हवा वेगळी सांभाळायची. एल्म्सने रीडला सुरुवातीपासून सोबत घेतलं आणि इथे तळघरच हवेसाठी आखलं गेलं. दोन बाजूंनी हवा आत यायची, वाफेच्या इंजिनावर फिरणारे प्रचंड पंखे ती पुढे ढकलायचे, गरम पाण्याच्या नळांवरून ती तापायची आणि उन्हाळ्यात गार पाण्याने थंड व्हायची. मग विटांच्या भुयारांतून ती प्रत्येक दालनाखाली पोहोचायची. भुयारांत जागोजागी कॅन्व्हासचे पडदे होते. दोऱ्या ओढून ते उघडायचे नि मिटायचे. वापरलेली हवा छतातल्या नक्षीच्या छिद्रांतून वर.

तळघराची सहल असते, मी गेलोय. माणूस उभा चालू शकेल एवढी भुयारं आहेत. वरच्या हॉलचा थाट बघून आल्यावर खाली तेवढीच मोठी, विटांची, कुठलीही सजावट नसलेली दुसरी इमारत सापडते. ती दुसरी इमारत बघितल्यावर रीडबद्दल माझं मत पक्कं झालं. ज्याला वास्तुविशारदाने पहिल्या दिवसापासून जागा दिली त्याचं काम टिकलं. वेस्टमिन्स्टरला मतभेद माणसांत होते, शास्त्रात नव्हते.

---

सीएफएम

मी एसीच्या धंद्यात आहे, त्यामुळे न राहवून लिहितो. रीडचं कौतुक मान्य, पण वेस्टमिन्स्टरचं अपयश फक्त भांडणामुळे झालं हे मला पटत नाही.

आधी आकडे. माणशी मिनिटाला किती हवा लागते? इंग्लंडमध्ये थॉमस ट्रेडगोल्डने १८२४ मध्ये सांगितलं चार घनफूट. रीडने प्रयोग करून सांगितलं किमान दहा. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफरने १८५८ मध्ये प्रश्नच फिरवला. त्याचं म्हणणं, कार्बन डायऑक्साइड तेवढ्या प्रमाणात विषारी नसतो, पण माणसांमुळे हवा किती बिघडली हे दाखवायला तो उत्तम खूण आहे. हजारात एक भाग, म्हणजे दहा लाखांत हजार, ही मर्यादा त्याची. आज शाळा-ऑफिसांत लोक जो मीटर ठेवतात आणि हजाराचा आकडा दिसला की खिडकी उघडतात, त्याचं मूळ इथे आहे. पुढे इंग्लंडच्या लष्करी वैद्यक शाळेत द शोमाँने त्याहून कडक मर्यादा धरली आणि माणशी तासाला ३००० घनफूट, म्हणजे मिनिटाला पन्नास, असा आकडा दिला. १८९५ च्या सुमारास अमेरिकन अभियंत्यांनी तीस धरला. म्हणजे साठ-सत्तर वर्षांत चारपासून पन्नासपर्यंत. प्रत्येक आकड्याबरोबर धुराडी रुंद झाली, तळघरं मोठी झाली, कोळशाचं बिल वाढलं.

आता अपयशाचं कारण. खालून वर हवा सोडायची हे तत्त्व उत्तम, आजही नाट्यगृहांत खुर्चीखालून हवा सोडतात. पण कॉमन्सच्या जमिनीवरून सभासद रस्त्यावरचे बूट घालून चालायचे. तो चिखल वाळून त्याची धूळ त्याच भोकांतून वर यायची. शिवाय पायांना गार आणि डोक्याला गरम. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट : बाहेरून थंडीत चालत आलेल्या सभासदाला सभागृह उकडतं, आणि चार तास बसलेल्या म्हाताऱ्या सभासदाला ते गार लागतं. दोघांच्या तक्रारी एकाच नोंदवहीत. कुठल्याही ऑफिसात एसीच्या रिमोटवरून होणारं भांडण हेच आहे. रीडने हवा मोजली, पण माणसांचं एकमत मोजता येत नाही.

---

झरोका

सीएफएम, धुळीचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तक्रारींबद्दल थोडं वेगळं म्हणेन. तक्रार ऐकून झडप फिरवायला माणूस हजर ठेवलेला होता, हीच मोठी गोष्ट. सभासदांचं म्हणणं कर्मचाऱ्यांमार्फत खाली पोहोचायचं आणि त्यानुसार बदल व्हायचे. आजच्या काचेच्या बंद इमारतीत उकडलं तर सांगायचं कुणाला? बहुतेक वेळा कुणाला सांगायचं हेच ठाऊक नसतं.

---

सिस्टर_कुंदा

पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, आता निवृत्त आहे. सगळे प्रतिसाद वाचले आणि वाटलं की या धाग्यात अजून फ्लॉरेन्स नाइटिंगेल कशी आली नाही. यंत्रावर विश्वास नसलेली बाजूही मांडली पाहिजे.

१८५९ मध्ये तिने इस्पितळांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. आपल्याला दिवा घेऊन फिरणारी बाई शिकवली, पण ती आकडेवारीत आणि बांधकामात किती खोल शिरली होती हे शिकवलं नाही. तिचा वॉर्ड असा : लांबट खोली, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या, दोन खाटांमागे निदान एक खिडकी, आणि खिडकी जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सुरू होऊन छताच्या एक फूट खालपर्यंत. का? कारण खराब हवा वर साचते, आणि खिडकी अर्ध्यावर संपली तर ती तिथेच कोंडून राहते. असे वॉर्ड एकमेकांपासून सुटे, मध्ये मोकळी जागा, फक्त एका मार्गाने जोडलेले. एका वॉर्डची हवा दुसऱ्यात जाता कामा नये.

साउदॅम्प्टनजवळ नेटलीला लष्कराचं प्रचंड इस्पितळ तेव्हा बांधायला घेतलं होतं. लांबच लांब व्हरांड्याला लागून वॉर्ड, समोरासमोर खिडक्या नाहीत. तिने पंतप्रधान पामरस्टनपर्यंत धाव घेतली. पामरस्टनला तिचं पटलं, पण पाया घातलेला होता, इमारत तशीच झाली. १८६३ मध्ये ती उघडली. मात्र पुढचं लष्करी इस्पितळ, वुलिचचं हर्बर्ट, तिच्या पद्धतीने झालं.

आणि वेस्टमिन्स्टरवाल्यांसाठी खास : थेम्सच्या पलीकडच्या काठावर, पार्लमेंटच्या अगदी समोर, १८७१ मध्ये सेंट थॉमस इस्पितळ उघडलं. सुट्या वॉर्डांची रांग, नदीकडे तोंड. एका काठावर झडपा, भुयारं आणि मनोरे, आणि दुसऱ्या काठावर उघडी खिडकी नि शेगडी. पुलावर उभं राहिलं की दोन्ही दिसतात.

माझं स्वतःचं शिक्षण दगडी भिंतींच्या, उंच छताच्या एका जुन्या इस्पितळात झालं. पहाटे पाळी संपताना वरच्या झडपा दोरीने उघडायचा नियम होता. नंतर नव्या, बंद, एसीच्या इमारतीतही काम केलं. वॉर्डचा वास नाकाला कळतो, त्यासाठी मीटर लागत नाही. माझं मत नाइटिंगेलच्या बाजूने.

---

सीएफएम

सिस्टर, तुमच्या अनुभवापुढे नमस्कार. पण एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ मध्ये, रेल्वेवाल्या ब्रुनेलने लाकडाचं सुटं करून जोडता येणारं इस्पितळ आखलं आणि ते जहाजाने पाठवून डार्डानेल्सच्या काठावर रेंकिओईला उभं केलं. पन्नास-पन्नास खाटांचे सुटे वॉर्ड, म्हणजे तुमचीच पद्धत. पण प्रत्येक वॉर्डाच्या टोकाला हाताने फिरवायचा पंखाही होता. तो जमिनीखालच्या मार्गातून खाटांच्या मधोमध हवा सोडायचा. तिथे आलेल्या सुमारे तेराशे रुग्णांपैकी पन्नासेक दगावले. नाइटिंगेल जिथे होती त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळाच्या मानाने हे फारच कमी. अर्थात रेंकिओईला युद्धाच्या शेवटी शेवटी रुग्ण आले, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. तिथला प्रमुख डॉक्टर एडमंड पार्क्स नंतर लष्करी वैद्यक शाळेत आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक झाला. मी वर ज्याचा आकडा दिला तो द शोमाँ त्याचाच सहकारी.

---

सिस्टर_कुंदा

रेंकिओई मला माहीत आहे. पंखा फिरवणारा माणूस दमला की काय होतं, तेही कुणीतरी लिहायला हवं होतं. खिडकी दमत नाही. :)

---

काळाघोडा

खिडकी न उघडणाऱ्या एका इमारतीबद्दल. लंडनचा पेंटनव्हिल तुरुंग, १८४२, आराखडा जोशुआ जेबचा. कैद्यांनी एकमेकांशी बोलू नये, एकमेकांना पाहू नये, हा त्या तुरुंगाचा पाया. खिडकी उघडली तर शेजारच्या कोठडीत हाक जाणार, म्हणून खिडक्या न उघडणाऱ्या. मग प्रत्येक कोठडीला स्वतंत्र हवा पोहोचवणं भाग पडलं. तळघरात तापवलेली हवा भिंतीतल्या मार्गाने दारावरून आत यायची आणि समोरच्या भिंतीत जमिनीलगतच्या जाळीतून बाहेर पडून छपरावरच्या उंच धुराड्याकडे जायची. शेकडो कोठड्या, प्रत्येकीचा आपला मार्ग. त्या काळच्या यांत्रिक वायुवीजनाचे सगळ्यांत नेटके नमुने तुरुंगात सापडतात याचं कारण हे आहे. माणसाला कोंडायचं ठरवलं की हवा पोहोचवायला शास्त्र लागतं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आता मुंबईबद्दल, कारण माझं रोजचं जाणं-येणं तिथूनच. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरसह ग्रंथालय, दोन्हीचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे. तो मुंबईत कधीच आला नाही, लंडनहून नकाशे आले. त्याच सुमारास त्याने ग्लासगो विद्यापीठाची इमारत बांधली. ती १८७० पासून वापरात आली आणि तिच्या उबेचं नि हवेचं काम विल्सन वेदर्ली फिप्सनने केलं. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम इथेही हाच फिप्सन. म्हणजे ग्लासगोला जमिनीखाली हवेचे मार्ग. आणि मुंबईत त्याच स्कॉटने काय दिलं? ग्रंथालयाला दोन्ही मजल्यांवर कमानींच्या ओसऱ्या, गोल जिने उघडे, उंच छत. भिंत उन्हापासून झाकायची आणि समुद्राचा वारा आरपार जाऊ द्यायचा. ओव्हल मैदान तेव्हा समुद्राच्या खूप जवळ होतं, पलीकडची भर नंतरची. एकाच माणसाची, एकाच काळातली दोन विद्यापीठं, आणि हवामानाने दोघांत केवढा फरक केला! मुंबईची इमारत पाहायला जाल तेव्हा खिडक्यांच्या नक्षीआधी ओसरीची खोली बघा.

---

चिंचेचं_बन

काळाघोडा, मस्त! पण मुंबईत रीडसारखी गार हवा खेळवायची पद्धत का नाही आणली? पाणी शिंपडून हवा गार करणं आपल्याकडे जुनंच आहे की.

---

संत्रानगरी

नागपूरकर म्हणून याचं उत्तर मी देतो. पाण्याने हवा गार होते ती पाण्याची वाफ होताना. हवा कोरडी असेल तरच वाफ होणार. आमच्याकडे मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या दारात लावून पाणी मारलं की घर गार. इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात यालाच चाक लावून एक पेटी केली होती. तीन बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या, आत हाताने फिरवायचा पंखा, आणि गार झोत थेट खोलीत. आमच्या आजच्या कूलरचीच आजी ती. मुंबईत हवा आधीच दमट, वाळा लावला तर खोलीत नुसती वाफ साचेल, घाम वाळणार नाही. तिथे अंगावर वारा लागणं महत्त्वाचं.

आणि तो वारा कोण देत होतं ते विसरू नका. कचेऱ्यांत, कोर्टात छताला टांगलेला कापडी पंखा बाहेरच्या ओसरीत बसलेला माणूस दोरीने तासन् तास ओढायचा. साहेबाच्या खोलीची हवा सुधारली ती त्याच्या हातांनी. सिस्टरनी विचारलं ना, पंखा फिरवणारा दमला तर काय? आपल्याकडे तो दमायचा, डुलकी लागली तर मारही खायचा. या पंखेवाल्यांचा इतिहास वायुवीजनाच्या इतिहासात आला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

---

झरोका

संत्रानगरी, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. वेस्टमिन्स्टरच्या तळघरातही कोळसा टाकणारे आणि झडपा फिरवणारे होते, पण त्यांना निदान पगारपत्रकावर जागा होती.

एक पूरक गोष्ट. ओल्या वाळ्यासारखी युक्ती तिकडेही आली. बेलफास्टचं रॉयल व्हिक्टोरिया इस्पितळ (१९०३, म्हणजे राणीनंतरचं, पण विचार सगळा आधीचा) वाफेच्या पंख्याने हवा ढकलायचं. ती हवा ओल्या ठेवलेल्या काथ्याच्या दोऱ्यांच्या पडद्यातून गाळली जायची. नाइटिंगेलच्या सुट्या वॉर्डांऐवजी इथे वॉर्ड एकमेकांना चिकटून, कारण हवा खिडकीतून येणारच नव्हती. सिस्टरना ते पटणार नाही.

---

सिस्टर_कुंदा

नाहीच पटणार.

---

गाळा_नं_७

आपल्या चाळींचाही एक धागा इथे जुळतो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यांनी उजेड-वाऱ्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला. खोलीच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त नको. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. प्रिन्सेस स्ट्रीट समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणूनही काढला. प्लेग हवेतून येत नाही, पिसवांतून येतो, हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. पण त्या अंतरामुळे खोल्यांत ऊन-वारा आला हे खरं. ट्रस्टच्या चाळीत राहिलेल्यांना ते ठाऊक आहे. आज त्याच जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरांमधलं अंतर मोजून बघा.

---

सीएफएम

चुकीच्या कारणासाठी बरोबर काम, हे त्या काळात वारंवार दिसतं. दुर्गंधी म्हणजेच रोग अशी चॅडविकसारख्या सुधारकांची श्रद्धा होती. पण नेहमी असा फायदा होत नसे. रीडचंच उदाहरण. १८४१ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर नदीवर ब्रिटिश मोहीम गेली. तापाचं कारण दूषित हवा असं मानून जहाजांवर रीडची वायुवीजन यंत्रणा बसवली होती, हवा रसायनांतून नेऊन शुद्ध करायची. तरी गोऱ्या खलाशांपैकी बहुतेक सगळे तापाने पडले आणि चाळीसहून जास्त मेले. तो हिवताप होता आणि तो डासांमुळे येतो हे कळायला अजून पन्नासहून अधिक वर्षं होती. जहाजावरची हवा कदाचित लंडनच्या सभागृहापेक्षा स्वच्छ असेल, पण डास त्या झडपांतून येत नव्हते.

---

मर्सीकाठचा

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. शेवटची एक चौकशी : वेस्टमिन्स्टरची जुनी यंत्रणा आता कुठवर शिल्लक आहे?

---

झरोका

रीडनंतर गर्नीने आणि त्याच्यापुढच्या लोकांनी कॉमन्सची पद्धत बदलत बदलत चालवली. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात कॉमन्स सभागृह बेचिराख झालं. १९५० मध्ये उघडलेलं नवं सभागृह जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचं, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठवाल्या स्कॉटच्या नातवाचं. त्यातली हवेची यंत्रणा अभियंता ऑस्कर फेबरने केली. लॉर्ड्सच्या बाजूला आणि तळघरांत, छपरांत जुने मार्ग अजून बरेच आहेत. आता त्यांतून वायरी आणि नळ गेलेत, आणि आग लागली तर ती याच पोकळ्यांतून पसरेल ही दुरुस्तीवाल्यांची मोठी काळजी आहे. घड्याळाच्या मनोऱ्यात जिन्याशेजारी हवेसाठी ठेवलेली उभी पोकळी होती. २०१७ ते २०२२ च्या डागडुजीत तिच्यात लिफ्ट बसवली.